ताई गाणं बघायची

आमच्या ताईला कुणी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" की ती म्हणायची, "मास्तर बिघडवते." विचारणारा हसायचा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून गप्प व्हायचा, कारण ती हसत नसायची. मग मलाच मध्ये पडून सांगावं लागे, की ही नाट्यगृहाच्या शाळा विभागात आहे, चित्रं आणि ऑपेरा एकत्र आणून वर्गात कसं शिकवायचं ते शाळेतल्या शिक्षकांना दाखवते. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "ऑपेरा म्हणजे?"

म्हणजे सगळेच्या सगळे गातात ते नाटक. दार लाव, हेसुद्धा गाऊन सांगतात, आणि ज्याच्या पोटात सुरा खुपसलाय तो आधी अख्खं गाणं म्हणतो आणि सवडीनं पडतो. मला त्यात कधी रस वाटला नाही. मी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर मेण, प्लास्टर आणि लोकांच्या हिरड्यांचे साचे. तिकडे सूर जरा हलला तर टाळ्या थांबत नाहीत, इकडे कवळी केसभर हलली तर माणूस उपाशी राहतो. ताई म्हणायची, "तुला कलेतलं काही कळत नाही." मी म्हणायचे, "तुला व्यवहारातलं कळत नाही." लग्नाच्या भानगडीत दोघीही पडलो नव्हतो, एकाच घरात राहत होतो. भांडायला एकमेकींशिवाय होतं कोण?

ताईची उमेदीची वर्षं पडदे रंगवण्यात गेली. रंगमंचाच्या वरच्या मजल्यावर, छपराखाली, लांबच लांब हॉल होता. जमिनीवर कापड ताणून कडेनं खिळे ठोकलेले, आणि त्या कापडावर ही बाई पायात नुसते मोजे घालून हिंडतेय, हातात तिच्याएवढ्या दांड्याचा ब्रश. वाकायचं नाही, उभ्यानंच रंगवायचं, म्हणजे लांबून बघणाऱ्याला काय दिसेल त्याचा अंदाज येतो. सरळ रेघ हवी असली की दोरीला खडूची पूड चोळायची, दोन टोकांना ताणायची आणि मध्ये उचलून सोडायची. खाली तालीम चालू असायची आणि लाकडी फळ्यांतून गाणं वर यायचं. गायिका कुठे आवाज चढवते ते हिला ठाऊक असायचं आणि पडद्यावरच्या जंगलात नेमका तिथेच उजेड पडलेला असायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

मग प्लास्टिकवर छापलेले पडदे आले. छान दिसायचे, घडी पडायची नाही, रंग सुकायची वाट बघायला नको. वरच्या हॉलमध्ये मोडक्या खुर्च्या नेऊन टाकल्या. ताईला काढून टाकायला साहेबांना जिवावर आलं असावं. साहेब म्हणजे नाट्यगृहाचे संचालक, भला माणूस, फक्त प्रत्येक गोष्टीचं कौतुक करायची वाईट खोड. त्यांनी तिला शाळा विभागात टाकलं. पुढच्या पिढीला ऑपेराची गोडी लावा, म्हणाले. ताई घरी येऊन पिशवी आपटून म्हणाली, "मला पोरं आवडत नाहीत. आणि मास्तर तर त्याहून नाहीत."

पण चिडकी माणसं एकदा कामाला लागली की मुळापासून लागतात. वर्षभरात तिनं स्वतःची एक रीत बसवली. मी एकदा मुद्दाम बघायला गेले होते. शाळेतला रिकामा वर्ग, लहान बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. प्रत्येकापुढे मोठा कागद आणि कोळशाची एक कांडी. ताई म्हणाली, "आता गाणं लावते. परक्या भाषेतलं आहे, कळणार नाही, कळायची गरजही नाही. आवाज जाईल तिकडे हात न्यायचा. गायिकेनं श्वास घेतला की हात उचलायचा. पुसायचं नाही."

लगेच एक हात वर. "मॅडम, गोष्ट काय आहे?"

"सांगणार नाही."

"मग चित्र कशाचं काढायचं?"

"गाण्याचं."

"बरं, पण नमुना?"

"नमुना नाही."

साऱ्या जगाला शिस्त लावणारी ही माणसं शेजाऱ्याच्या कागदात डोकावायला लागली. पीटीच्या सरांना तर दरदरून घाम फुटला. एका बाईंनी गाणं सुरू व्हायच्या आधीच फुलदाणी काढून ठेवली. मी तोंडात रुमाल कोंबून मागे बसले होते. पण दुसऱ्यांदा गाणं लावलं तेव्हा हात मोकळे झाले, आणि तिसऱ्यांदा लावलं तेव्हा पीटीचे सर डोळे मिटून कागदभर असे काही फिरले की कोळसा मोडला.

हेच मग त्यांनी आपापल्या वर्गात करायचं. मुलांचे कागद एकमेकांशेजारी लावायचे, सगळ्यांच्या रेघा कुठे चढतात, कुठे तुटतात ते बघायचं, तो आकार जुन्या चादरींवर मोठा करून पडदा रंगवायचा आणि त्या पडद्यापुढे उभं राहून मुलांनी ते गाणं म्हणायचं. त्यातून ज्यानं त्यानं आपला विषय काढायचा. भाषेच्या सरांनी, रेघ तुटते तिथे स्वल्पविराम, असं सांगितलं आणि पोरांना तो जन्मात पहिल्यांदा कळला. भूगोलाच्या बाईंनी त्याच रेघांवरून डोंगर आणि दऱ्यांचे नकाशे वाचायला शिकवले. या भूगोलाच्या बाई म्हणजे ताईची पट्टशिष्या. अंगानं काडी, उत्साह हत्तीचा. ताई शिंकली तरी त्यातून काही शिकण्यासारखं आहे का, असं बघणाऱ्या.

ताईचे नियम दोनच. गोष्ट आधी सांगायची नाही. आणि शिक्षकानं फळ्यावर काहीही काढून दाखवायचं नाही.

कानांचं माझ्या लक्षात आलं ते किटलीमुळे. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली आणि ताई तिच्या शेजारी उभी राहून भाजी चिरत होती. मी धावत येऊन गॅस बंद केला. "वाजली नाही गं ती," ताई म्हणाली. पुढे दाराच्या बेलचं तेच झालं, फोनचं तेच झालं. मी तिला जवळजवळ फरपटत डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तिच्या कानांवर हेडफोन चढवला, हातात एक बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेर होते. डॉक्टरीणबाई एकेक खटका फिरवत होत्या आणि ताई अंगठा बटणावर ठेवून शहाण्या मुलीसारखी वाट बघत होती. तो अंगठा हलेना. आत जाऊन मीच ते बटण दाबावं असं मला झालं.

बारीक, चढे आवाज गेलेच आहेत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाकीचेही हळूहळू जातील. यंत्र लावलं तर समोरच्या माणसाचं बोलणं कळेल. "आणि गाणं?" ताईनं विचारलं. त्या म्हणाल्या, यंत्र मुख्यतः बोलण्यासाठी असतं. घरी आल्यावर ताईनं यंत्र कानात घातलं आणि तिचं सगळ्यात लाडकं गाणं लावलं. थोडा वेळ ऐकलं, मग यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "कुणीतरी पत्रे ओढतंय," एवढंच म्हणाली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मग लक्षात आलं, नळ सोडायची काही गरज नव्हती.

नाट्यगृहात तिनं ताकास तूर लागू दिली नाही. केस कानांवरून घ्यायला लागली, समोरच्याच्या ओठांकडे बघायला शिकली. ऑपेरा शिकवणाऱ्या बाईला ऐकू येत नाही हे कळलं असतं, तर साहेबांनी हारतुरे घालून, भरपूर कौतुक करून तिला घरी पाठवलं असतं. काम मात्र अडलं नाही. गाणं लावायला शिक्षक होते, ती फक्त हातांकडे बघायची. मला वाटलं, चला, बाई निभावून नेतेय.

एका रविवारी दुपारी मी बाजारातून आले तर बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या आणि जमीनभर मुलांचे कागद. ताई पायात मोजे घालून त्यांच्यामधून चालत होती. तिचा चेहरा कसा होता ते मला शब्दांत सांगता येणार नाही, पण तसा मी फार दिवसांत बघितला नव्हता.

"चप्पल काढ आणि ये," ती म्हणाली. "हे बघ. इथे अख्ख्या वर्गानं हात उचललाय. गायिका इथे श्वास घेते. आता इकडे ये. इथे निम्मी पोरं वर गेली आणि निम्मी थांबली. म्हणजे सूर चढलाय, पण इतका हळू, की लक्षात येईल न येईल. आणि इथे बघ, कोळसा किती दाबलाय सगळ्यांनी. कागद फाटायला आलाय."

"तुला हे गाणं पाठच आहे," मी म्हटलं.

"पाठ होतं. डोक्यातलंही पुसट होत चाललंय गं. हे बघितलं की परत वाजायला लागतं." ती खाली बसली. "एका पोराची रेघ म्हणजे त्या पोराचा स्वभाव. त्यावर विश्वास ठेवायचा नाही. पण वर्गाच्या वर्ग एकाच जागी थांबला ना, की ते गाणं. मला ऐकू येतं मग."

मी भाजीची पिशवी हातात धरून उभीच. मला त्या जमिनीवर कोळशाच्या रेघोट्यांशिवाय काही दिसत नव्हतं. पण ती ओठ हलवत, बोट फिरवत एका कागदावरून दुसऱ्यावर जात होती आणि मध्येच एका जागी थांबून मान डोलवत होती. त्या दुपारी मी पहिल्यांदा तिच्या नोकरीला नावं ठेवायची थांबले.

त्या वर्षी नाट्यगृहानं नवा ऑपेरा बसवायला घेतला. नवा म्हणजे अगदी कोरा, आधी कुणीच न ऐकलेला. त्याच्या शेवटी एका आईचं गाणं होतं. तालमीतून बाहेर येणाऱ्या माणसांचे डोळे लाल असायचे. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, हे गाणं सुरू झालं की मी झाडू ठेवून देते. ताईही तालमीला जाऊन बसली, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर तळहात टेकवून. घरी आल्यावर मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली.

"हाताला नुसतं कळतं की काहीतरी मोठं चाललंय. काय ते कळत नाही. जुनी गाणी मला आठवून ऐकता येतात, पण हे कुठून आठवू? हे माझ्या डोक्यात कधी गेलंच नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे एवढं एक मला हवंय. मग बाकीचं सगळं गेलं तरी माझी तक्रार नाही."

आणि योग असा, की साहेबांनी तेच गाणं शाळांसाठी निवडलं. पहिल्या प्रयोगाच्या आधी सगळ्या शाळांतल्या मुलांनी ते ऐकून चित्रं काढायची आणि ती एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये मांडायची. ताईच्या पायाला भिंगरी लागली. इतके वर्ग, इतकी पोरं, सगळ्यांचं गाणं एकच आणि सगळ्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलेलं! तिनं हिशेब मांडला होता, की एवढ्या रेघा शेजारी शेजारी लावल्या की त्या गाण्यातला बारीकसा कंपसुद्धा सुटणार नाही. शाळेशाळेत जाऊन तिनं शिक्षकांना जुन्या गाण्यांवर घोटून घेतलं. ऑपेराची गोष्ट छापलेली पत्रकं सगळीकडे वाटली गेली होती, ती मुलांच्या नजरेला पडू देऊ नका, असं प्रत्येकाला बजावलं. मी कामावरून येईपर्यंत ती बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या बाहेर गॅलरीत नेऊन ठेवायची, कागदांना जागा हवी म्हणून. कागद यायला अजून अवकाश होता. मी जेवायला गॅलरीत बसायचे आणि कुरकुरायचे. पण खरं सांगायचं तर मीही वाट बघत होते.

मांडामांडीच्या आदल्या दिवशी भूगोलाच्या बाईंचा निरोप आला. "मॅडम, या वेळी तुम्ही बघतच राहाल."

मी अर्धी रजा टाकून ताईबरोबर गेले. मोठ्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि तिला कुणाचंच बोलणं कळत नाही, म्हणून आमचं ठरलं होतं, की कुणी तिच्याशी बोललं की मी तिचं कोपर दाबायचं. हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी कागद टांगलेले. दारातून मला फक्त रंग दिसले. निळा, निळा आणि निळा. ताई माझा हात सोडून पुढे गेली.

पहिल्या कागदावर होडी होती. निळी नदी, तपकिरी होडी, काठावर हात वर केलेली बाई, कोपऱ्यात मावळता सूर्य. दुसऱ्या कागदावर होडी, काठावर हात वर केलेली बाई, कोपऱ्यात मावळता सूर्य. तिसऱ्यावर तेच. मला आधी वाटलं, ही ओळ एकाच पोराची असावी. मग मी दुसऱ्या दोरीकडे बघितलं, तिसऱ्या दोरीकडे बघितलं. वेगवेगळ्या शाळांची नावं आणि खाली तीच होडी.

भूगोलाच्या बाई धावत आल्या. मी ताईचं कोपर दाबलं. बाईंचा चेहरा आनंदानं फुललेला. "मॅडम, मागच्या वेळी पालक म्हणाले होते, या काय रेघोट्या? मला फार लागलं हो ते. या वेळी तर साहेब येणार, पाहुणे येणार, आणि लोकांनी तुमच्या कामाला हसावं? मी म्हटलं, नाही. मी फळ्यावर नमुना काढला आणि त्याचा फोटो सगळ्या शाळांच्या ग्रुपवर टाकला. मुलांना आधी गोष्ट नीट समजावून सांगा म्हटलं, म्हणजे आई कुठे रडते ते त्यांना कळेल. मॅडम, शिक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला! एकही मूल अडलं नाही. एकाचंही चित्र बिघडलं नाही."

ताई त्यांच्या ओठांकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली. "गोष्ट आधी सांगितली?"

मी मान हलवली.

मला त्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. आणि त्याच क्षणी हेही कळत होतं, की तिनं हे ताईवरच्या मायेनं केलंय. दुसऱ्याचं मूल चारचौघांत उघडं पडू नये म्हणून जीव टाकणारी बाई ती. शिक्षकच असं करू शकतात. एकाच साच्यातून मी सगळ्या गावाच्या कवळ्या काढल्या तर त्या दिसतील सुरेख, पण बसणार एकाच्याही तोंडात नाहीत. हे त्या बाईला कसं सांगायचं? आणि ताईचं जे गेलं ते काय गेलं, हे तर सांगायचीच सोय नव्हती.

ताई भांडली नाही. ती चालायला लागली. एकेका दोरीखालून, एकेका कागदापाशी थांबत, एकही न सोडता. आधी मला कळेना ती काय करतेय. मग कळलं. ती होडी नसलेला कागद शोधत होती. कुठेतरी एखादं वांड पोर असेल, ज्यानं बाईंचं ऐकलं नसेल. मीही शोधायला लागले. मी आयुष्यात कुठल्या पोराच्या वांडपणासाठी इतकी आसुसले नव्हते.

शेवटच्या दोरीवर, अगदी कडेला, तो सापडला. पांढऱ्या कागदावर नुसती काळी रेघ. खालच्या कोपऱ्यातून निघालेली, थोडी जाऊन तुटलेली, मग वर, मग एका जागी बराच वेळ घुटमळलेली, आणि मग कागदाच्या पार दुसऱ्या टोकाला एक ठिपका. ताई गुडघ्यांवर बसली. तिनं बोट रेघेवर ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं. तुटली तिथे तिनं स्वतःही श्वास घेतला. तिचे ओठ हलायला लागले. एकच रेघ होती, एका पोराची, जिच्यावर विश्वास ठेवायचा नाही असं तीच म्हणायची. पण तहानलेल्या माणसाला पेला स्वच्छ आहे का हे कुठे सुचतं?

"हे कुणाचं?" तिनं विचारलं. "मला भेटायचंय त्या मुलाला."

भूगोलाच्या बाई कानकोंड्या झाल्या. "मुलगी आहे, मॅडम. ती त्या दिवशी आलीच नव्हती, ताप होता तिला. गाणं ऐकलेलं नाही तिनं. सगळ्यांची चित्रं लागणार आणि हिचं नाही, तिला वाईट वाटेल, म्हणून म्हटलं, घरून काहीही काढून आण. काढून टाकू का?"

बाई काय म्हणाल्या असं ताईनं मला विचारलं असतं, तर मी खोटं सांगणार होते. काहीतरी रचून सांगितलं असतं, निभलं असतं. पण ताई माझ्याकडे बघतच नव्हती. ती बाईंच्या ओठांकडे बघत होती. तिचं बोट रेघेवरून खाली आलं.

"राहू दे," ती म्हणाली. "छान आहे."

जरा वेळानं तिनं विचारलं, पुन्हा एकदा घेता येईल का, गोष्ट न सांगता? त्या शाळेच्या मुख्यबाई म्हणाल्या, परीक्षा तोंडावर आल्यात. आणि भूगोलाच्या बाई तर कौतुकानं म्हणाल्या, "आता गरजच नाही, मॅडम. परवा पीटीच्या सरांनी गाणं नुसतं लावलं, तर पोरं न सांगता होडी काढायला लागली. इतकं पक्कं बसलंय." तेवढ्यात साहेब आले. त्यांनी दोऱ्यांकडे बघितलं, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "वा! काय शिस्त! एक मूलही चुकलेलं नाही!" त्यांनी ताईचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. ती हसली. भूगोलाच्या बाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "खूप मेहनत घेतलीत तुम्ही." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण माझं कारण वेगळं होतं.

घरी आलो तेव्हा ऊन कलायचं होतं. बाहेरची खोली तशीच रिकामी, खुर्च्या गॅलरीत. आम्ही जमिनीवरच बसलो. मी म्हटलं, "खालची पोरं बोलावते. पाच-सहा तरी असतील. त्यांना कुठे गोष्ट माहीत आहे?"

"पाच-सहा पोरांत काय होणार?" ताई म्हणाली. "अख्खे वर्ग हवेत. आणि इतके वर्ग मला पुन्हा कोण देणार? प्रयोग सुरू झाला की घराघरांत गोष्ट पोचेल. तोवर माझे कान..." तिनं वाक्य सोडून दिलं. मी चहाला उठणार तेवढ्यात तिनं माझा हात धरला. "तू काढ."

"मी? अगं, मला साधी बरणी काढता येत नाही."

"तुला ऐकू येतं ना?" तिच्या आवाजात राग होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्या ऐकू येण्याचा राग केला, आणि तो मला रास्त वाटला.

मी कागद घेतला, कोळसा घेतला. तिनं गाणं लावलं आणि माझ्यासमोर बसली. पहिला सूर इतका खालून आला की मला वाटलं, शेजारच्या घरात कुणी कण्हतंय. मग तो उभा राहिला. मी आजवर या गाणाऱ्या लोकांची टिंगल केली होती, ती सगळी कुठल्या कुठे गेली. ती गायिका एका जागी येऊन थांबली, पुढे जावं की न जावं अशी. आमची आई गेली तेव्हाही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. माझा हात चालत होता. मी कागदाकडे बघत नव्हते, ताईकडे बघत होते. ती माझ्या हाताकडे बघत होती, भुकेलेल्यानं दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तशी, आणि तिचा चेहरा हळूहळू विझत गेला.

मी खाली बघितलं. कागदावर नदी होती. नदीत होडी. काठावरच्या बाईचा हात वर करायचा तेवढा राहिला होता.

"ताई, मी मुद्दाम नाही गं..." मी म्हणाले. मी खाली बघून बोलले, त्यामुळे तिला ते कळलं नाही. तिनं माझ्या बोटांतून कोळसा सोडवून घेतला आणि आपल्या पदराला माझी काळी झालेली बोटं एकेक करून पुसली, मी लहान असताना पुसायची तशी.

गायिका तेव्हा कुठे सगळ्यात वरच्या सुराला पोचत होती. खोली त्या आवाजानं भरून गेली होती, खिडकीची काच बारीक थरथरत होती.

"संपलं का गं?" ताईनं विचारलं.

मी तिच्याकडे तोंड करून, तिला नीट कळेल असं म्हटलं, "हो, संपलं."